चिनी विद्युत मोटारी, महाराष्ट्रातील

चिनी विद्युत मोटारी, महाराष्ट्रातील : चीनमधील मोटार कंपन्यांनी महाराष्ट्रात पाय रोवण्यासाठी केलेले प्रयत्न, त्यांना झालेला अटकाव आणि तरीही येथील जुन्या कंपन्यांच्या गाड्यांत चिनी बॅटरीने मिळवलेली जागा, हा या नोंदीचा विषय. युरोपात या कंपन्यांनी फोक्सवॅगन, रेनो, स्टेलँटिस यांच्या दारात जाऊन स्पर्धा मांडली. महाराष्ट्रात तशी समोरासमोर झुंज झालीच नाही. चिनी कारखाना वेशीवरच थांबला.

ती वेस म्हणजे मावळातील तळेगाव. जनरल मोटर्सने तेथे २००८ मध्ये कारखाना सुरू केला. २०१७ अखेर कंपनीने भारतातील विक्री बंद केली. गुजरातमधला तिचा हलोलचा कारखाना शांघायच्या सॅइक समूहाकडे गेला. तळेगावात निर्यातीपुरते उत्पादन चालू राहिले आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबले. त्याआधीच, जानेवारी २०२० मध्ये, चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने तळेगावचा कारखाना विकत घेण्याचा करार केला होता आणि फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाच्या वाहन प्रदर्शनात आपली ओरा ही छोटी विद्युत गाडी मांडली होती. १५ जून २०२० रोजी 'मॅग्नेटिक महाराष्ट्र २.०'मध्ये राज्य सरकारशी तिचा ३,७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करार झाला. त्याच रात्री गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत २० भारतीय जवानांना वीरमरण आले. शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्राची पूर्वपरवानगी एप्रिल २०२० पासूनच सक्तीची होती. ती ग्रेट वॉलला शेवटपर्यंत मिळाली नाही. ३० जून २०२२ रोजी जनरल मोटर्सशी झालेल्या खरेदी कराराची मुदत संपली आणि विषय मिटला.

कामगारांचा विषय मात्र मिटला नाही. नवा मालक येईल आणि नोकरी टिकेल, या आशेवर हजारावर माणसे थांबली होती. त्यांच्या वाट्याला कामगार कपात आणि कोर्टाच्या तारखा आल्या. सीमेवर रक्त सांडलेले असताना परवानगी रोखणे योग्यच होते. पण देशहिताच्या त्या निर्णयाचा भार देशाने उचलायला हवा होता, तो मावळातल्या घरांवर पडला.

याच काळात युरोपातील बंद कारखान्यांचे नशीब वेगळे निघाले. बार्सिलोनातील निस्सानचा कारखाना डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला. तेथे स्पेनच्या एब्रो कंपनीला हाताशी धरून चेरी ही चिनी कंपनी २०२४ मध्ये उतरली. बीवायडी या दुसऱ्या चिनी कंपनीने हंगेरीत सेगेड येथे कारखाना उभारायला घेतला. युरोपीय संघाने चिनी सरकारी अनुदानावर बोट ठेवून ३० ऑक्टोबर २०२४ पासून नेहमीच्या १० टक्के आयातशुल्कावर जादा शुल्क बसवले : बीवायडीवर १७, गीलीवर १८.८ आणि सॅइकवर ३५.३ टक्के. म्हणजे युरोपाने दार बंद केले नाही, उंबरठा उंच केला. तो सगळ्यांनाच ओलांडता आला असे नाही. तळेगावात येऊ न शकलेल्या ग्रेट वॉलनेच ऑगस्ट २०२४ मध्ये म्युनिकमधील आपले युरोपीय मुख्यालय बंद केले.

भारतात मार्ग काढला तो सॅइकने. मूळच्या इंग्रज एमजी या नावाखाली ती हलोलमध्ये गाड्या बनवते. पुढे मुंबईच्या जेएसडब्ल्यू समूहाने तिच्या भारतीय कंपनीत ३५ टक्के वाटा घेतला. २०२४ मध्ये आलेल्या विंडसर या गाडीने बॅटरी भाड्याने देण्याची रीत आणली : तेव्हा गाडी ९.९९ लाखांना होती, बॅटरीचे किलोमीटरमागे साडेतीन रुपये. टाटा आणि महिंद्रा यांना खरी टक्कर या गाडीने दिली.

मात्र या दोन देशी कंपन्यांच्या गाड्या उघडून पाहिल्या तर चीन आतच बसलेला दिसतो. महिंद्राच्या चाकणला बनणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांत बीवायडीचे लोह-फॉस्फेट सेल आहेत. टाटांच्या रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉन ईव्हीसाठी बॅटऱ्या बांधायला टाटा ऑटोकॉम्पने चीनच्या गोशनशी भागीदारी केली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने विद्युत मोटरला लागणाऱ्या दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांची निर्यात आवळली, तेव्हा आकुर्डीच्या बजाज ऑटोला चेतक स्कूटरचे उत्पादन कमी करावे लागले. सांगाडा, रंग, आसने, नाव सारे आपले. पण गाडीच्या किमतीतला सर्वांत मोठा एकटा वाटा बॅटरीचा असतो, आणि त्या बॅटरीचा गाभा बाहेरचा. कारखाना अडवता आला, सेल अडवता आला नाही. महाराष्ट्राची खरी उणीव येथे आहे आणि ती गाडीवरचे बोधचिन्ह पाहून कळत नाही.

कारखान्यांतून बाहेर पडून ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत चिनी आणि देशी विद्युत गाड्यांची ही स्पर्धा घाटांच्या रस्त्यांवर पोहोचते. शहापुरातून कसारा घाटाची वाट नाशिकला जाते, मुरबाडातून माळशेजची अहिल्यानगरकडे. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना सुमारे ३०० मीटरचा उतार लागतो. पेट्रोलच्या गाडीत तो ब्रेकच्या उष्णतेत वाया जातो. विद्युत गाडीत पाय उचलला की मोटरच जनित्र होते, गाडी आपसूक धरल्यासारखी मंदावते आणि बॅटरीत थोडा भार परत येतो. पाच-सहा किलोमीटर पुरेल इतका. चढताना मात्र त्याहून बराच अधिक खर्ची पडतो. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर ४० युनिटची बॅटरी पूर्ण भरायला बारा तासांहून अधिक लागतात, म्हणून ज्या पाड्यावर रात्री लाइट जाते तेथे गाडी कोणत्या देशाची हा प्रश्न फार पुढचा आहे.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो आणि खुटघर येथे त्यावर चढता-उतरता येते. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणानुसार या महामार्गावर विद्युत मोटारींना टोल माफ आहे. ही माफी देताना गाडी चाकणची, हलोलची की चीनची, असा भेद केलेला नाही.