गच्चीवरचा हिशेब

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एका रविवारी सभा भरली होती. विषय एकच. जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि पाण्याचा पंप यांच्या विजेसाठी सौर पॅनेल बसवायची की नाही? कंत्राटदाराने कागद वाटले होते. पाच-सहा वर्षांत खर्च भरून निघेल, असा त्यात हिशेब होता. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका उठले. वय पंचाहत्तरच्या पुढे. म्हणाले, "फायदा पाच-सहा वर्षांनी. तेव्हा मी कुठे असेन? वर्गणी मात्र आज द्यायची!"

सगळे हसले. मला हसू आले नाही. कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. जे सर्वांचे आहे आणि उद्याचे आहे, त्यासाठी आज कोणी खिशात हात घालायचा? मुंबई शहर हा प्रश्न फार वर्षांपासून सोडवत आले आहे.

पहिले उत्तर दानाचे होते. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ सालची. एका पारशी गृहस्थाने ती खोदून घेतली. शहरात अशाच विहिरी, पाणपोया, सबिली उभ्या राहिल्या. देणाऱ्याने परतफेड मागितली नाही. कोणी त्याला पुण्य म्हटले, कोणी सवाब. पण दानावर तहान भागते, इमारत चालत नाही. इमारतीला दरमहा पैसा लागतो.

पुढे गिरण्या आल्या, चाळी आल्या. मालक भाडे घेई, भाडेकरू भाडे देई आणि सामाईक नळ, मोरी, जिना यांना कोणी वाली नसे. १८९६ च्या प्लेगने ही दैना चव्हाट्यावर आणली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली. गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर त्यामुळे टिकले, हे खरे. पण मालक म्हणू लागला, 'एवढ्या भाड्यात डागडुजी परवडत नाही.' भाडेकरू म्हणाला, 'इमारत माझी कुठे आहे?' दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि मधल्या मध्ये भिंती ओल धरत होत्या. शेवटी १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमावे लागले आणि उपकर बसवावा लागला.

तिसरे उत्तर मात्र त्याच्याही आधी, गावदेवीत सापडले होते. १९१५ मध्ये तिथे सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. रावबहादूर श्रीपाद सुबराव तालमकी हे तिच्यामागचे कर्ते पुरुष. भारतातली ही पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था मानली जाते. तिथे राहणाराच संस्थेचा भागधारक होता. मालक आणि भाडेकरू असा झगडाच उरला नाही, कारण दोन्ही माणसे एकाच सदऱ्यात होती.

१९६० साली महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा आला. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत एक छोटीशी तरतूद आहे. प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात टाकायची. हा पैसा कशासाठी? इमारत कधीतरी थकेल, तेव्हा मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा ती पुन्हा बांधण्यासाठी. म्हणजे जो भरतो त्याच्याच हयातीत तो खर्च होईल, असे मुळीच नाही. देखभालीच्या पावतीवरचा तो आकडा आपण न वाचता भरतो. पण त्यात सगळ्या सोसायटीचे शहाणपण साठवलेले आहे.

पर्यावरणाच्या कामांना नेमके हेच शहाणपण हवे आहे. मुंबईत २००२ पासून हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पावसाचे पाणी जिरवणे किंवा साठवणे सक्तीचे झाले. २००७ मध्ये ही मर्यादा तीनशे चौरस मीटरवर आणली गेली. नव्या इमारतीत हा खर्च घराच्या किमतीत विरघळतो. जुन्या इमारतीत मात्र सभा घ्यावी लागते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या वसाहतींवर ओला कचरा आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. खड्डे कोणाच्या पैशाने खणायचे, हा प्रश्न तिथेही सभेपुढेच आला.

सरकारी मदत नाही असे नाही. २०२४ च्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत गृहसंस्थांच्या सामाईक विजेसाठी दर किलोवॉटमागे अठरा हजार रुपयांचे अनुदान ठरले. दहा किलोवॉटला एक लाख ऐंशी हजार. पण अनुदान येते ते यंत्रणा सुरू झाल्यानंतर. आधी संस्थेलाच गाठोडे सोडावे लागते. सिंकिंग फंडाला त्यासाठी हात लावणे बरे नाही, तो इमारतीच्या सांगाड्यासाठी राखलेला. सर्वसाधारण सभेला ठराव करून वेगळा निधी उभारता येतो. एकदम मोठी वर्गणी मागितली की माणसे दचकतात. तीच रक्कम दरमहा थोडी थोडी घेतली, तर निमूटपणे देतात. शिवाय वाचलेल्या विजेचे पैसे त्याच निधीत परत टाकले, तर पुढचे काम त्यातूनच होते. पॅनेलनंतर पाण्याची टाकी, टाकीनंतर खताचा खड्डा.

आमच्या सभेत शेवटी सेक्रेटरींनी जुनी वही काढली. तीस वर्षांच्या सिंकिंग फंडाच्या नोंदी होत्या. त्या काकांचे नाव पहिल्या पानापासून होते. एकही हप्ता चुकला नव्हता. सेक्रेटरी एवढेच म्हणाले, "काका, हे पैसे तुम्ही कोणासाठी भरत होतात?"

काकांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा वही पाहिली. मग म्हणाले, "हप्ते बारा करा, सहा नको. पेन्शन आहे माझी."

ठराव एकमताने झाला. बारा हप्त्यांचा.