विंचूदंशाचा उतार : परळ ते महाड

खानदेशातील शेतकरी कुटुंबाला विंचवाची ओळख पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. चैत्र सरत आला की जळगाव-धुळ्याकडे ऊन भाजू लागते. गोठ्यामागचा पऱ्हाट्यांचा ढीग हलविला जातो, धाब्याच्या जुन्या घरांतील भिंतींच्या भेगांतून आणि गोवऱ्यांच्या राशीतून हा जीव बाहेर पडतो, आणि रात्री अंगणात अनवाणी फिरणाऱ्या एखाद्या पोराच्या पायाला डंख बसतो. पुढे काय होत असे, तेही जुन्या माणसांना ठाऊक आहे. कोणी कांदा चोळी, कोणी मुळी उगाळून लावी, कोणी रातोरात मांत्रिकाचे दार ठोठावी. संत एकनाथांनी विंचवाचे भारूड रचले ते उगाच नव्हे. ही वेदना महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेली होती.

मांत्रिकाची कीर्ती शतकानुशतके का टिकली, याचे उत्तर मात्र अंधश्रद्धा या एका शब्दात देऊन चालणार नाही. विंचू चावलेली बहुसंख्य माणसे काही तासांच्या असह्य ठणक्यानंतर आपोआप बरी होतात. अशा दुखण्यात मंत्र घाला, मुळी लावा अथवा काहीच करू नका, सकाळी माणूस उठून बसतोच. आणि रात्री ज्याने हात लावला त्याच्या पदरात यश पडते. म्हणून विंचूदंशाच्या इतिहासात खरा प्रश्न औषध कोणते हा नसून, औषधानेच गुण आला हे ओळखायचे कसे, हा आहे.

हा प्रश्न शास्त्रीय शिस्तीने विचारणाऱ्या पहिल्या मंडळींत एक जेझुइट धर्मगुरू होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. फादर जे. एफ. कायस हे रसायन आणि वनस्पती यांचे अभ्यासक. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी डॉ. के. एस. म्हसकर यांच्याबरोबर काम केले. वैद्यकाच्या ग्रंथांत आणि लोकांच्या तोंडी ज्या वनस्पती सापाच्या व विंचवाच्या विषावर उतारा म्हणून सांगितल्या जात, त्या जमवून दोघांनी एकेक करून प्रयोगशाळेत पारखल्या. सर्पदंशावरील वनस्पतींचा त्यांचा प्रबंध १९३१ साली निघाला, भारतीय विंचवांवरील १९३२ साली. निष्कर्ष निराशाजनक होता : शेकडो वनस्पती तपासल्या, परंतु विषावर खात्रीचा उतारा एकही सापडला नाही. पुढे कीर्तिकर व बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील महाग्रंथाची दुसरी आवृत्ती फादर ब्लॅटर, फादर कायस आणि डॉ. म्हसकर यांनी संपादित केली. त्या ग्रंथात एका झाडामागून दुसऱ्या झाडाच्या नोंदीखाली म्हसकर व कायस यांचा हवाला देऊन सांगितले आहे की, ही वनस्पती सर्पविषावरही उतारा नाही आणि विंचवाच्या विषावरही नाही. आपल्याच श्रमांतून निघालेला हा नकार इतक्या चिकाटीने पुनःपुन्हा छापणे, यात मला मोठी प्रामाणिकता दिसते.

पण नकाराने रोगी वाचत नाही. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी होणाऱ्या रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. मोठ्या काळ्या विंचवाला पाहून आपण दचकतो. जिवावर बेतते ते बहुधा लहान, तांबूस विंचवामुळे. त्याच्या दंशाने दगावणारी मुले ठणक्याने मरत नव्हती. काही तासांनी दम लागे, तोंडाला फेस येई, आणि सारे संपे. त्या काळात पश्चिम महाराष्ट्रात गंभीर रुग्णांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत असत. डॉक्टरांच्या हाती ॲट्रोपिन, स्टेरॉइड आणि ॲलर्जीवरची इंजेक्शने होती. ती मनोभावे दिली जात, उपयोग होत नसे, आणि ॲट्रोपिनने तर अपायच होई.

येथे कथेत डॉ. हिंमतराव बावस्कर येतात. खानदेशच्या दक्षिणेची अजिंठ्याची रांग ओलांडली की मराठवाडा लागतो. तेथील भोकरदन तालुक्यातील देहेड हे त्यांचे गाव. नागपूरला वैद्यकीय पदवी घेऊन १९७६ साली ते रायगड (तेव्हाचा कुलाबा) जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. शहरातील मोठ्या इस्पितळात विंचूदंशाचा रोगी क्वचित येई आणि आला तरी शेवटच्या घटकेला. बिरवाडीत तो वारंवार येई, लवकर येई, आणि त्याला पाहणारा डॉक्टर एकच असे. या गैरसोयीचे बावस्करांनी सोने केले. ते खाटेपाशी बसून राहिले आणि लिहीत गेले : दंश कधी झाला, उलटी कधी झाली, घाम किती, हातपाय थंड कधी पडले, नाडी व रक्तदाब दर थोड्या वेळाने किती. अशा शेकडो केसपेपरांतून त्यांना एक क्रम दिसू लागला. उलट्या, दरदरून घाम आणि गारठलेले हातपाय ही पुढच्या संकटाची पूर्वसूचना होती. हे निरीक्षण १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले.

आत काय घडत होते? विषामुळे शरीरातील मज्जातंतू बेफाम होतात आणि ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, आणि मागे तुंबलेले पाणी फुप्फुसांत उतरते. मग उपाय आवळलेल्या वाहिन्या सैल करण्याचा हवा. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात एम. डी. करून महाडला परतल्यावर बावस्करांनी प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइडचे सलाईन वापरले. ते औषध थेंबाथेंबाने, उजेडापासून झाकून आणि रक्तदाबावर अखंड नजर ठेवून द्यावे लागते. खेडेगावात हे कोण करणार? तेव्हा त्यांची दृष्टी प्राझोसिनकडे वळली. रक्तदाबासाठी बाजारात आलेली ही साधी गोळी वाहिन्यांचा तोच आवळा सोडविते. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा अनुभव प्रसिद्ध झाला. लेखावर दोन नावे होती, हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी. प्राझोसिन रुळल्यावर त्यांच्याकडील मृत्यूंचे प्रमाण शेकडा २ ते ३ वर आले.

आता मघाचा मांत्रिक पुन्हा आठवावा. त्याच्याही हातून माणसे बरी होत, मग या गोळीवर विश्वास का ठेवायचा? एक कारण असे की, येथे मोजले जात होते ते गंभीर रोगी, आणि पूर्वी त्यांतले किती दगावत याची नोंद होती. तरीही मागच्या वर्षांशी केलेली तुलना कच्चीच. वाहने वाढली, रस्ते झाले, रोगी लवकर येऊ लागले, याचाही वाटा असणार. दुसरीकडे, गोळी हाती असताना निम्म्या मुलांना ती न देता वाट पाहावी, असे कोणता डॉक्टर म्हणेल? माझ्या मते बावस्करांनी तसे केले नाही हेच योग्य होते. शास्त्राची ती उणीव माणुसकीने मान्य केलेली होती.

विंचवाच्या विषावरील लस, म्हणजे प्रतिविष, उपलब्ध झाल्यावर मात्र तुलनेची वाट मोकळी झाली. सर्वांना प्राझोसिन द्यायचे, आणि निम्म्यांना त्याखेरीज प्रतिविषही. महाडला अशा ७० रुग्णांची ३५-३५ अशी वाटणी केली गेली. कोण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हे, तर नशिबावर सोपविले होते. दहा तासांनी प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण पूर्ण बरे झाले होते, केवळ प्राझोसिनवाल्यांपैकी ८. सरासरी ८ तास विरुद्ध जवळजवळ १८ तास. कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते, ही मर्यादा लेखातच नमूद आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलने हे २०११ साली छापले, म्हणजे मुंडल्यांच्या लेखानंतर बरोबर ५० वर्षांनी. पुदुच्चेरीला मुलांवर झालेल्या अशाच चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली याच दिशेने आले. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. सातपुड्याच्या पाड्यांवरून शहर गाठायला मात्र तासांचा हिशेब करावा लागतो, आणि विंचूदंशात तासच निर्णायक ठरतात. प्राझोसिनची गोळी लहान आरोग्य केंद्रातही ठेवता येते. ती घेतल्यावर रोग्याला आडवेच ठेवावे लागते, एकदम उठविल्यास रक्तदाब घसरून घेरी येते. घाम आणि उलटी दिसताच घरच्यांनी झाडपाल्यात वेळ न दवडता निघावे, आणि दंश किती वाजता झाला तेवढे डॉक्टरांना सांगावे. केसपेपरावर तीच पहिली ओळ असते.