'फ्यूचर स्कोप' वाचलाय का कधी? कानपूरच्या एका बीटेक प्रोजेक्टची गोष्ट



गेल्या आठवड्यात सांगलीहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, कॉम्प्युटरला आहे, शेवटचं वर्ष. सोमवारी सिनॉप्सिस द्यायचाय. एखादा भारी टॉपिक सांगा ना, आधी कुणीच केला नसेल असा."

मेसेज मी दोनदा ऐकला. कारण याच घाईत आम्ही चौघं कॉलेजमागच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो आणि पैसे मोजून तयार प्रोजेक्ट घेऊन आलो होतो. लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम. सीडी तयार, रिपोर्ट तयार, ब्लॅक बुकही छान बांधून मिळालं. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी एकच प्रश्न विचारला, "मुलानं पुस्तक हरवलं, तर तुमची सिस्टिम काय करते?" आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. मार्क मात्र मिळाले. चांगले मिळाले. तेच आजवर सलतंय.

म्हणून आज टॉपिक सांगत नाही, गोष्ट सांगतो. आयआयटी कानपूरची.

प्रश्न साधा होता. एखादी संख्या मूळ आहे की नाही, ते सांगा. ९७ मूळ आहे. ९१? वाटते मूळ, पण ती निघते ७ गुणिले १३. लहान संख्या भागून बघता येते. पण ३०० अंकी संख्या असेल तर? भागत बसलात तर जगातले सगळे कॉम्प्युटर लावूनही जन्म पुरणार नाही.

सतराव्या शतकात फर्मानं एक खूण सांगितली होती. २ चा सातवा घात घ्या, १२८. त्यातून २ वजा करा, १२६. त्याला ७ नं पूर्ण भाग जातो, कारण ७ मूळ आहे. पण काही लबाड संख्याही या चाचणीत पास होतात. ५६१ म्हणजे ३ गुणिले ११ गुणिले १७, तरी कुठलाही पाया घ्या, ती निसटते. १९७०च्या दशकापासून चांगल्या झटपट चाचण्या आल्या, पण त्या नशिबावर थोड्या टेकलेल्या. चुकण्याची शक्यता नगण्य, पण शून्य नाही. झटपट आणि शंभर टक्के खात्रीची, कुठल्याही न सिद्ध झालेल्या गृहीतकावर न टेकलेली चाचणी कुणाकडेच नव्हती.

१९९९ साली कानपूरचे प्राध्यापक मणिंद्र अगरवाल आणि त्यांचे पीएचडीचे गुरू सोमनाथ बिस्वास यांनी एक नवी चाचणी मांडली. फर्माची खूण त्यांनी संख्यांऐवजी बहुपदींवर वापरली. (x + a) चा n वा घात उलगडा. n मूळ असेल तर n नं भागल्यावर मधली सगळी पदं उडून जातात, नसेल तर उडत नाहीत. इथे ५६१ सुद्धा पकडली जाते! अडचण एकच. n जर ३०० अंकी असेल, तर पदंही तेवढीच. लिहिणार कशी? म्हणून एका लहान बहुपदीनं भागून फक्त बाकी बघायची. पण ती बहुपदी त्यांनी यादृच्छिक निवडली होती, म्हणजे पुन्हा नशीब आलंच.

आता इथून बीटेकची पोरं येतात. २००१ साली रजत भट्टाचार्जी आणि प्रशांत पांडे या दोघांनी प्रोजेक्टसाठी यातला छोटासा तुकडा उचलला. भागायला कुठलीही बहुपदी न घेता ठरावीकच घेतली, x चा r वा घात वजा १, तर काय होतं? त्यातून त्यांनी एक अटकळ मांडली. सिद्ध झाली नाही. वर्ष संपलं. पण अटकळ त्यांनी स्वच्छ लिहून ठेवली.

पुढच्या बॅचच्या नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी तीच उचलली. "हा टॉपिक झालाय" असं म्हणून सोडली नाही. r ची किंमत १०० पर्यंत आणि n हजार कोटींपर्यंत नेऊन त्यांनी ती कॉम्प्युटरवर तपासली. कुठेच मोडली नाही, पण सिद्धही झाली नाही. २००२ च्या त्यांच्या रिपोर्टच्या शीर्षकातला पहिला शब्द बघा: 'टुवर्ड्स'. म्हणजे, च्या दिशेनं. पोचलो, असं ते म्हणतच नाहीत.

दोघं पीएचडीला तिथेच थांबले. त्या उन्हाळ्यात अगरवाल सरांबरोबर त्यांनी वाट थोडी वळवली. r एकच ठेवायचा आणि a च्या अनेक किमती तपासायच्या. आणि गाठ सुटली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ९ पानांचा पेपर जगभरच्या तज्ज्ञांकडे गेला, त्याच आठवड्यात न्यूयॉर्क टाइम्सनं बातमी छापली. २००६ साली तिघांना गोडेल पुरस्कार मिळाला. जुनी अटकळ आजही सिद्ध झालेली नाही. उलट ती बहुधा चूक असावी, असं जाणकारांना वाटतं. तरी तिच्याशिवाय ही पोरं त्या वाटेला लागली असती का?

आता तुम्ही म्हणाल, दादा, ते आयआयटीवाले. खरंय. त्यांच्याकडे स्वतः त्या प्रश्नात अडकलेला गाईड होता, हे मोठं नशीब. शिवाय ही चाचणी रोजच्या वापरात फारशी नाहीच. आरएसएच्या किल्ल्या बनवताना आजही ती जुनी, थोडी नशिबावर टेकलेली चाचणीच लावतात, कारण ती कितीतरी वेगवान आहे. पण निवडीची रीत बघा. प्रश्न मोठा होता, उचललेला तुकडा एका वर्षात हातात मावेल एवढा. आणि तो नवा नव्हता, आदल्या बॅचनं अर्धवट सोडलेला होता.

तर सांगलीकर मित्रा, सोमवारच्या आधी एक काम कर. डिपार्टमेंटच्या कपाटातून गेल्या वर्षीची दोन-तीन ब्लॅक बुकं काढ आणि शेवटचं 'फ्यूचर स्कोप' हे प्रकरण वाच. बहुतेक ठिकाणी कॉपी-पेस्ट असेल. मग त्या सीनियरला फोन लाव आणि विचार, "खरंच काय जमलं नाही रे?" आणि गाईडना विचार, "सर, तुम्ही सध्या कशात अडकलाय?"

आमचं सांगू? ज्या मजल्यावर आमचा व्हायवा झाला, त्याच्या खालच्याच मजल्यावर लायब्ररी होती. ग्रंथपाल मॅडम हरवलेल्या पुस्तकांची नोंद एका वहीत हातानं करायच्या. दंड किती, पुस्तक बाजारात मिळत नसेल तर काय, मुलगा पास होऊन गेला तर वसुली कुणाकडून, सगळं त्यांच्या डोक्यात. प्रोजेक्ट तिथे होता. आम्ही चौघांपैकी एकही जण जिना उतरून विचारायला गेला नाही.

तू काय निवडलंस ते नक्की कळव. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!