वाटाणा, काच आणि त्र्यंबकचा कॅमेरावाला

भावाचा बेदाण्यांचा धंदा, त्याला व्हिडिओ हवा, म्हणून मी नाशिकभर कॅमेरावाले शोधत होतो. एकाने रील दाखवलं: लग्नं, ड्रोन, पुन्हा लग्नं. अहो, आमचे बेदाणे शेडमध्ये कित्येक दिवस निवांत सुकतात. ते दाखवणार कोण?

तेव्हा आपले त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके आठवले. 1912 मध्ये त्यांनी लंडनहून कॅमेरा आणला, पण सिनेमाला पैसे कुठे होते? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. महिन्याभराची वाढ पडद्यावर क्षणांत झाली! ते मोजक्या लोकांना दाखवलं, आणि कर्ज मिळालं. धंद्यासाठी सँपल व्हिडिओ म्हणतात तो हाच की.

आता कॅमेरा कोण चालवणार? त्यांनी बालमित्र त्र्यंबक तेलंगला शिकवलं. अनुभव शून्य, पण माणूस विश्वासाचा. 3 मे 1913 ला 'राजा हरिश्चंद्र' गिरगावात लागला, आणि त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशकात हलवलं. त्यांच्या लघुपटांत तळेगावचा काच कारखानासुद्धा आहे. लोकांनी पैसा-पैसा जमवून उभारलेला, पैसा फंडाचा. म्हणजे कारखान्याचा व्हिडिओ आजचा नाही बरं का.

ड्रोनवाल्याला मी नाही म्हणालो. पंचवटीतल्या एका पोराने चिवड्याच्या भट्टीचं शूटिंग दाखवलंय, त्यात पोहे तळताना फुलतात ते नीट दिसतं. तो शनिवारी येतोय. निम्मे पैसे आधी, निम्मे एडिट पाहून.