डीडीएसच्या गोळीचे दुसरे घराणे

डॅप्सोन, म्हणजे कुष्ठरोगाच्या कामात ‘डीडीएस’ या नावाने ओळखली जाणारी गोळी, जंतुनाशक म्हणून प्रसिद्ध आहे. जिथे मारायला जंतूच नसतो अशा काही त्वचारोगांतही ती दिली जाते, ही तिची कमी माहीत असलेली बाजू. सूक्ष्मजीवांपासून मिळते तेच प्रतिजैविक, अशी काटेकोर व्याख्या धरली तर प्रयोगशाळेत घडवलेले हे रसायन बाहेर पडेल. व्यवहारात मात्र ते त्याच पंगतीला बसते.

1908 साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे फ्रॉम आणि विटमान यांनी रंगांच्या रसायनशास्त्रात काम करताना ते तयार केले. 1937 मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समध्ये स्ट्रेप्टोकोकस जंतूंवर ते प्रभावी ठरले. पण सल्फा औषधांइतक्या मोठ्या मात्रेत ते माणसाला सोसेना. मग ते गोठ्यात गेले. गाईंच्या कासदाहावर वापरले जाणारे हे औषध मद्रासजवळच्या चिंगलपेट येथे डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी 1940च्या दशकाच्या उत्तरार्धात तेलात मिसळून कुष्ठरुग्णांना टोचले. नायजेरियातील उझुआकोली येथे डॉ. जॉन लो यांनी तोंडाने घेण्याची छोटी मात्रा पुरते हे दाखवले. पुढे रोज 100 मिलिग्रॅम हे प्रमाण रूढ झाले.

ही स्वस्त गोळी वर्धा जिल्ह्यात चांगली रुजली. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 मध्येच कुष्ठसेवा सुरू केली होती; तेव्हा हाताशी होते ते चालमोगऱ्याचे तेल. 1951 साली वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले आणि डॉ. आर. व्ही. वार्देकर यांनी पाहणी, शिक्षण, उपचार ही त्रिसूत्री बसवली. रुग्णाला वसाहतीत नेण्याऐवजी गोळी गावात न्यायची, हे त्यातले नवे होते. पुढे जंतू एकट्या डॅप्सोनला दाद देईनात, तेव्हा 1980च्या दशकाच्या आरंभी रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन यांच्या जोडीने बहुऔषधी उपचार आला. त्याच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांतही वर्धा होता.

दुसरे घराणे, जंतू नसलेल्या आजारांचे, सुरू होते ड्यूरिंगच्या आजारापासून. फिलाडेल्फियाच्या लुई ड्यूरिंग यांनी 1884 मध्ये वर्णन केलेल्या या विकारात कोपर, गुडघे, ढुंगण यांवर पुरळ आणि लहान फोड येऊन असह्य खाज सुटते. नाव डरमॅटायटिस हर्पेटिफॉर्मिस. पण नागिणीशी किंवा हर्पिसच्या विषाणूशी त्याचा संबंध नाही. 1940 मध्ये कॉस्टेलो यांनी त्यावर सल्फापिरिडिन हे सल्फा औषध देऊन पाहिले आणि गुण आला. शरीरात कुठेतरी दडलेला जंतुसंसर्ग त्वचेवर उमटतो, असा समज तेव्हा प्रचलित होता. समज चुकीचा, औषध बरोबर. संधिवात संसर्गजन्य आहे असे मानून स्वीडनच्या नाना स्वार्त्झ यांनी याच सल्फापिरिडिनला सॅलिसिलेट जोडून सल्फासलाझिन घडवले. तिथेही हेच झाले.

1950 मध्ये पोर्तुगालच्या इस्टेव्हिश आणि ब्रांदाँव यांनी ड्यूरिंगच्या आजारावर सल्फोनांचा, म्हणजे डॅप्सोनच्या गटातील औषधांचा, प्रभाव नोंदवला. ती कल्पना आली कुठून? सरळ उत्तर असे की सल्फापिरिडिनचा रासायनिक भाऊबंद म्हणून डॅप्सोन निवडले गेले. पण तेवढ्याने भागत नाही, कारण इतर बहुतेक सल्फा औषधे या आजारात निकामी ठरतात. पोर्तुगालमध्ये तेव्हा कुष्ठरोग होता; टोशा येथील रोव्हिश्कू पाइश कुष्ठवसाहत 1947 मध्येच उघडली होती. त्वचेचा डॉक्टर आणि कुष्ठाचा डॉक्टर बहुधा एकच. भारतातही त्वचारोगतज्ज्ञाच्या शिक्षणात कुष्ठरोग येतोच. तेव्हा कल्पना सल्फांच्या वाटेने आली असली, तरी हाताशी असलेले आणि सोसवणारे औषध कुष्ठाच्या दवाखान्यातून आले, हेच अधिक पटते.

ड्यूरिंगच्या आजारात डॅप्सोन जंतू मारत नाही, याचा उघड पुरावा वेळेचा आहे. कुष्ठरोगात गुण यायला महिनोन्‌महिने लागतात. इथे खाज दोन-तीन दिवसांत थांबते आणि गोळी बंद केली की तितक्याच वेगाने परतते. या आजारात त्वचेत आयजीए प्रतिपिंडे साचतात आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात. डॅप्सोन त्या पेशींची धाव आणि त्यांच्या मायलोपेरॉक्सिडेज विकराचे काम रोखते. म्हणूनच न्यूट्रोफिलांचा धुमाकूळ असलेल्या इतर विकारांतही ते चालते. स्नेडन आणि विल्किन्सन यांनी 1956 मध्ये वर्णिलेला पूयस्फोटांचा विकार त्यांपैकी एक. 2005 मध्ये अमेरिकेत मुरुमांसाठी डॅप्सोनचे जेल मंजूर झाले.

दुष्परिणाम दोन्ही घराण्यांत सारखेच. जी6पीडी विकराची कमतरता असलेल्यांच्या लाल पेशी या गोळीने फुटतात, म्हणून ती सुरू करण्याआधी रक्त तपासतात. ताप, पुरळ आणि यकृताला सूज आणणारी तीव्र प्रतिक्रिया एचएलए-बी*13:01 हे जनुकरूप असलेल्यांत अधिक येते, हे 2013 मध्ये चीनमधील कुष्ठरुग्णांच्या अभ्यासातून कळले.

ड्यूरिंगच्या आजाराचे मूळ मात्र आतड्यात आहे. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची सांगड ग्लुटेन न सोसवणाऱ्या आतड्याशी घातली गेली. डॅप्सोन त्वचा शमवते, आतड्याला हात लावत नाही. त्यामुळे ग्लुटेन असलेले गहू आणि जव कायमचे सोडावे लागतात. विदर्भातली ज्वारीची भाकर, भात आणि तुरीचे वरण चालते. पथ्याचा परिणाम दिसायला अनेक महिने जातात, तोवर डॅप्सोन चालू ठेवून मग डॉक्टर त्याची मात्रा हळूहळू उतरवत नेतात.