मुंबईतील वाहनांची झिलई : रोगणापासून काचलेपापर्यंत

मोटारीच्या रंगावर व चाकांवर काचेसारखा कठीण, पारदर्शक लेप चढवून देण्याचा धंदा गेल्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईत चांगलाच रूढ झाला आहे. ऑपेरा हाउसच्या आसपास मोटारींच्या सुट्या भागांची जी जुनी बाजारपेठ आहे तिच्यात, दादर-परळच्या गाळ्यांत आणि लालबागेत गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या उत्तुंग इमारतींच्या वाहनतळांत या लेपाची नावे कानी पडतात. कोणी त्यास 'सिरॅमिक' म्हणतो, कोणी 'नॅनो', कोणी सरळ 'काच'. हा लेप अगदी नवा आहे, त्यास पूर्वेतिहास म्हणून काही नाही, अशी विकणाराची आणि घेणाराची दोघांचीही समजूत दिसते. प्रस्तुत लेखात ती समजूत तपासून पाहावयाची आहे. आमच्या मते या लेपाची वंशावळ शोधावयाची ती खिडकीच्या तावदानात नव्हे, तर व्हिक्टोरिया गाडीच्या रोगणात. आणि ती शोधू लागले म्हणजे या शहराचा व्यापार, येथील हवा आणि येथील हातांचे श्रम यांचा एक दुर्लक्षित धागा हाती लागतो.

आधी हवेचा विचार करू. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. उरलेल्या काळात कडक ऊन, आणि बाराही महिने समुद्रावरून येणारी खारट दमट हवा. त्यात १८५० नंतरच्या दशकांत गिरण्यांच्या धुराड्यांची भर पडली. परळ-लालबागच्या हवेतील काजळी शंभराहून अधिक वर्षे या भागाच्या अंगवळणी पडली होती. १९८२ च्या संपानंतर ती धुराडी एकेक करून थंडावली. पण त्या जागांवर बांधकामे सुरू झाली आणि काजळीची जागा सिमेंटच्या धुळीने घेतली. ही धूळ अल्कधर्मी असते. रात्रीचे दव तिच्यावर पडले की ती रंगाला चावू लागते. लोखंड, लाकूड वा अॅल्युमिनिअम, यांपैकी कोणताही पृष्ठभाग या शहरात उघडा ठेवण्याची सोय नाही. त्यावर काहीतरी पांघरूण घालावेच लागते, आणि ते पांघरूण काही काळाने बदलावेच लागते.

घोड्यांच्या गाड्यांच्या काळी हे पांघरूण रोगणाचे असे. उत्तम प्रतीचे गाडीरोगण जवसाच्या तेलात चंद्रस वितळवून, ते टर्पेंटाइनने पातळ करून तयार होई. येथे मुंबईचा संबंध केवळ गिऱ्हाइकाचा नव्हता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. चंद्रस, म्हणजे ज्यास युरोपात कोपल म्हणत तो राळेसारखा पदार्थ, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जमिनीतून खणून काढीत. सर्वांत कठीण व म्हणून सर्वांत मोलाचा चंद्रस झांझीबारच्या बाजारातून येई, आणि त्याचा मोठा वाटा एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात उतरून तेथून पुढे युरोपास जाई. म्हणजे लंडनच्या बग्गीवरील झिलईतही मुंबईच्या दलालाचा हात होता. तो माल युरोपात रोगण होऊन डब्यात बंद झाला की पुन्हा जहाजाने येथेच विकावयास येई. वसाहतीच्या व्यापाराचे हे चक्र कापसाच्या बाबतीत सर्वांस पाठ आहे. चंद्रसाच्या बाबतीत ते फारसे कोणी सांगत नाही.

हे रोगण चढविणे हे अतिशय सावकाशीचे काम होते. लाकडावर अस्तराचे हात, मग रंगाचे, मग रोगणाचे. प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबावयाचे, मग प्युमिस दगडाची वस्त्रगाळ पूड आणि पाणी घेऊन तो घासून सपाट करावयाचा आणि त्यावर पुढला हात द्यावयाचा. चांगल्या गाडीला या कामी आठवडेच्या आठवडे लागत. वरून जी आरशासारखी चमक दिसे ती रोगणाची असे खरी, परंतु ती उमटण्यासाठी खालचा पृष्ठभाग निर्दोष करावा लागे आणि तो केवळ घासणाऱ्याच्या मनगटाने होई. पुढे गाडी वापरात आली की हे श्रम मोतद्दाराकडे जात. चिखल वाळण्यापूर्वी धुवावयाचा, नाहीतर रोगणावर डाग कायमचा बसतो, हे त्याने शिकलेले पहिले शास्त्र. शहरातील भाड्याच्या व्हिक्टोरिया २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरविल्या. पण त्यांच्या रोगणाची विद्या त्याआधी कितीतरी वर्षे लोपली होती.

मोटार आली तेव्हा तिच्या अंगावर हेच रोगण होते, कारण तिचे वरचे शरीर घडविणारे कारागीर गाड्या घडविणारेच होते. बदल झाला तो पहिल्या महायुद्धानंतर. कापसातील सेल्युलोजवर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया केली म्हणजे जो पदार्थ बनतो तो युद्धात स्फोटक म्हणून वापरला जाई. त्याचाच सौम्य प्रकार विरघळवून अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने 'ड्यूको' नावाचे रोगण सिद्ध केले आणि १९२३-२४ मध्ये जनरल मोटर्सने ते आपल्या गाड्यांवर वापरावयास प्रारंभ केला. आठवड्यांचे काम तासांवर आले. त्याच जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीस मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. ज्या गिरणगावात रात्रंदिवस कापूस पिंजला जात होता, त्याच्या शेजारीच कापसाच्या रोगणाच्या युगातील मोटारी जुळविल्या जाऊ लागल्या, हा योगायोग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो.

रंगधंद्याचाही पाया याच परिसरात पडला. १९२० साली लोअर परळ येथे 'गॅहॅगन पेंट्स अँड व्हार्निश कंपनी' सुरू झाली. मालकी व नाव बदलत १९५७ साली ती 'गुडलास नेरोलॅक' झाली, आणि पुढे जपानच्या कन्साई कंपनीशी जोडली जाऊन भारतातील मोटार-कारखान्यांना रंग पुरविणाऱ्या प्रमुख संस्थांत तिची गणना होऊ लागली. १९४२ साली, युद्धामुळे परदेशी रंगाची आयात अडली असता, चौघा मित्रांनी फोरास रोडवरील एका गॅरेजात जो उद्योग मांडला तो म्हणजे आजचा 'एशियन पेंट्स'. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रविद्येचा स्वतंत्र विभाग स्थापन केला, आणि पुढे माटुंग्यास त्या विभागात रंग व रोगणे यांच्या तंत्राचेही अध्यापन होऊ लागले. दादरपासून ट्रामने दहा मिनिटांवर हे शिक्षण आणि खाली परळास प्रत्यक्ष कारखाना, अशी ही सोय होती.

स्वातंत्र्यानंतरचा काळ टंचाईचा. स्वतः मोटारी बनविण्याची योजना नसलेल्या परदेशी कंपन्यांना येथे नुसती जुळणी करू द्यावयाची नाही, असे धोरण ठरल्यावर जनरल मोटर्सने १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद केला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना राहिला. तेथील फियाट, जी १९७० नंतर 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली गेली, मिळावयास वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा स्थितीत गाडी हा एकदाच मिळणारा जिन्नस ठरला, आणि तिच्या रंगाची जपणूक ही जवळजवळ गृहकृत्याची बाब झाली. रविवारी सकाळी मेण चोळण्याचा प्रघात याच काळातला. हे मेण पुष्कळदा ब्राझीलच्या कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरचे. ते सुमारे ८५ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून येथील उन्हातही टिकाव धरते. तरी पावसाळ्याचे चार-सहा आठवडे झाले की त्याचा मागमूस उरत नसे. टॅक्सीवाल्यांना तेवढीही चैन परवडणारी नव्हती. गिऱ्हाईक नसताना रॉकेलचा बोळा काळ्या पत्र्यावर फिरविणारे चालक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. क्षणभर चमक येई आणि रंग मात्र दिवसेंदिवस कोरडा पडे. पद्मिनीची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तिच्या टपावरचा पिवळा रंग किती वेळा मारला गेला असेल, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

मेणानंतर सिलिकोनचे द्रव आले. ते पुसताच चमक देत, परंतु गाडी पुन्हा रंगवावयास आली की रंगारी कपाळास हात लावी; कारण सिलिकोनचा अंश राहिलेल्या पत्र्यावर नवा रंग बसत नाही, त्यात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. पुढे गाड्यांच्या रंगाची रचनाच पालटली. खाली रंगाचा पातळ थर आणि वर सुमारे ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा बिनरंगी थर, अशी दुहेरी पद्धत आली. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) गल्लीतील गॅरेजात हा वरचा थर फवारताना हवेत उडणारे आयसोसायनेट दम्यास कारण होते, रंगाऱ्याच्या तोंडावर बहुधा रुमालाखेरीज काही नसते. झिलईच्या इतिहासात ही बाजूही नोंदलीच पाहिजे.

आता काचलेपाकडे वळू. त्याचे मूळ तत्त्व आपल्या रेल्वेपेक्षाही जुने आहे. एबेलमेन या फ्रेंच रसायनज्ञाने १८४० नंतरच्या दशकात असे दाखविले की, सिलिकाची विशिष्ट संयुगे दमट हवेत ठेवली असता हळूहळू काचेसारखी घट्ट होतात. भट्टीवाचून काच करण्याची ही किमया दीर्घकाळ प्रयोगशाळेतच राहिली. मोटारींसाठी तिचा व्यापारी विकास मुख्यत्वे जपानात झाला. आजच्या लेपांपैकी अनेकांत सिलाझेन वर्गाची द्रव्ये असतात. त्यांत सिलिकॉनचे अणू नत्राशी जोडलेले असतात. हवेतील पाण्याची वाफ लागली की नत्र अमोनियाच्या रूपाने निघून जातो, त्या जागी ऑक्सिजन येतो आणि सिलिकेचे जाळे तयार होते. म्हणजे जी ओल रोगणाची, मेणाची व पत्र्याची वैरीण, तीच या लेपाची सुईण. पण मुंबईत ती फार घाई करते. जुलै महिन्यात उघड्यावर हा लेप लावला तर पुसून घेण्यापूर्वीच तो ठिकठिकाणी घट्ट होऊन काळसर चट्टे उमटतात. म्हणून वातानुकूलित बंद खोली लागते, आणि खर्चाचा बराच भाग त्या खोलीचाच असतो.

हा लेप काच आहे काय? अंशतः. शुद्ध काच पाण्याला दूर सारीत नाही, उलट जवळ करते. चष्म्यावर दव कसे पसरते ते आठवावे. लेपावरून पाण्याचे मोती घरंगळतात ते त्यात मुद्दाम ठेवलेल्या सेंद्रिय गटांमुळे. हे गट ऊन आणि घासणे यांनी झिजतात, आणि मोती आधी नाहीसे होतात, सिलिका मागे राहते. '९एच' कठीणतेची जी जाहिरात होते ती पेन्सिलीच्या शिशाने ओरखडून पाहण्याच्या कसोटीची आहे. खनिजांच्या कठीणतेशी तिचा संबंध नाही. लेपाची जाडी बहुधा एक-दोन मायक्रॉन असते; एवढ्या पातळ पडद्याने रस्त्यावरचा खडा अडत नाही.

मग त्याचा उपयोग काय? चाकांच्या बाबतीत तो निःसंशय आहे. ब्रेकची तापलेली लोहधूळ अॅल्युमिनिअमच्या चाकावर चिकटते, गंजते आणि तांबूस ठिपके पाडते. लेपामुळे तिला मूळ धरता येत नाही. दादरच्या हिंदू कॉलनीत पर्जन्यवृक्षाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर पानांतील किडींचा चिकट स्राव गळतो, कबुतरांची विष्ठा पडते. ती लेपावरून लवकर सुटते. दसऱ्याला बॉनेटवर हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालतात. पांढऱ्या गाडीवरील हळदीचा पिवळा डाग काही दिवस उन्हात राहिला तर आपोआप फिका होतो, पण ओल्या कुंकवाचा डाग जुन्या, भुसभुशीत झालेल्या रंगात शिरून बसतो. लेपित पृष्ठभागावर दोन्ही पुसून निघतात. उलटपक्षी विंधणविहिरीचे क्षारयुक्त पाणी लेपावर थेंबाथेंबाने वाळले तर चुन्याची पांढरी वर्तुळे अधिकच उठून दिसतात, आणि ती काढण्यास आम्ल लागते.

काच म्हणण्यापेक्षा या लेपास आपल्या कल्हईच्या जातीत घालणे आम्हांस अधिक योग्य वाटते. कल्हई भांड्याच्या वतीने झिजते आणि ठराविक काळाने पुन्हा करावी लागते. तिच्याकडून कोणी अमरत्वाची अपेक्षा केली नाही. शिवाय कल्हईवाला आधी भांडे घासून लख्ख करतो तसेच येथेही आहे. गाडी धुवावयाची, लोहकणांवर ते विरघळविणारे द्रावण फवारावयाचे (तेव्हा पत्र्यावरून जांभळे ओघळ वाहतात आणि उग्र वास सुटतो), मातीसारख्या मऊ वडीने चिकटलेला कचरा ओढून काढावयाचा, मग यंत्राच्या फिरत्या गादीने वरच्या बिनरंगी थरातील सूक्ष्म ओरखडे घासून सपाट करावयाचे. या कामास एक-दोन दिवस जातात. लेप लावावयास काही तास पुरतात. गिऱ्हाइकाला जी चमक दिसते ती मुख्यतः आधीच्या घासण्याची. म्हणजे प्युमिसची पूड घेऊन बसणारा रोगणकार अद्याप कामावर आहे, त्याच्या हाती फक्त विजेचे यंत्र आले आहे. यंत्र दर वेळी त्या थराचा अंश खरवडून नेते, आणि थर मोजकाच असतो, हे चांगला कारागीर आपणहून सांगतो.

मोतद्दारही गेलेला नाही. दादर-परळच्या इमारतींत उजाडण्यापूर्वी बादली व फडके घेऊन गाड्या पुसणारी माणसे महिन्याच्या बोलीवर काम करतात. एका बादलीत दहा-बारा गाड्या होतात. पहिल्या गाडीवरची वाळू फडक्यात अडकून शेवटच्या गाडीपर्यंत जाते, आणि हजारो रुपये देऊन चढविलेल्या लेपावर बारीक वर्तुळाकार रेघा उठतात. त्या माणसाला दुसरी बादली व चार फडकी देण्याचा खर्च लेपाच्या किंमतीपुढे अगदी क्षुल्लक आहे; तो करणारे मालक मात्र आमच्या पाहण्यात दोन-तीनच आले.