सामाईक अवजारे

दहावीला आपण दोन चलांतील रेषीय समीकरणे शिकवतो. एका समीकरणाला योग्य संख्येने गुणायचे, दुसऱ्यातून वजा करायचे, एक चल घालवायचे. दोनाऐवजी दोन हजार चले असली तरी रीत हीच. पुलावरचा भार खांबाखांबांत कसा वाटला जातो, रेणूतील इलेक्ट्रॉन कसे पसरतात, उद्या वारा कुठून वाहील, असले प्रश्न संगणकापुढे मांडले की बहुधा शेवटी अशा समीकरणांची मोठी चळत उरते. ती सोडवणे हा माझ्यासारख्या, संगणकावर विज्ञान करणाऱ्या माणसांचा रोजचा उद्योग आहे.

रीत माहीत आहे, तर आज्ञावली लिहायला कितीसा वेळ लागणार? पुढचे उदाहरण फळ्यावर करून पाहा.

०.०००१ क्ष + य = १
क्ष + य = २

खरे उत्तर क्ष = १, य = १ याच्या अगदी जवळचे आहे. आता समजा, आपला संगणक प्रत्येक पायरीला तीनच सार्थ अंक ठेवतो. (खरा संगणक सोळाच्या आसपास ठेवतो, पण कुठेतरी थांबतोच.) पहिल्या समीकरणाला १०,००० ने गुणून दुसऱ्यातून वजा केले की −९९९९ य = −९९९८ उरते. तीन सार्थ अंकांत ९९९९ आणि ९९९८ दोन्ही १०,००० होतात, म्हणून य = १. ही किंमत पहिल्या समीकरणात घातली की क्ष = ०! य ठीक, क्ष साफ चूक. आता समीकरणांचा क्रम उलटा करा आणि तीच रीत, तेच तीन अंक वापरा. क्ष = १, य = १ मिळते.

संगणक मात्र दोन्ही वेळा कुरकुर करत नाही. चुकीचे उत्तरही तो बरोबर उत्तराच्याच ऐटीत छापतो.

दोन ओळींत दिसणारी ही चूक हजार ओळींत डोळ्यांना दिसत नाही. अशा चुका कशा वाढतात याचा पाया घालण्यात जेम्स विल्किन्सन यांचा मोठा वाटा आहे. इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत ते प्रथम ॲलन ट्युरिंग यांच्या हाताखाली काम करत होते. विल्किन्सन आणि जर्मनीचे राइन्श यांनी १९७१ मध्ये एक ग्रंथ काढला. त्यात समीकरणे सोडवण्याच्या पारखलेल्या आज्ञावल्या अथपासून इतिपर्यंत छापल्या होत्या. शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेतील गटाने त्यांतल्या काही फोर्ट्रान भाषेत आणल्या आणि निरनिराळ्या विद्यापीठांतील, निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून पाहिल्या. त्या संचाचे नाव आइसपॅक. मागोमाग १९७९ मध्ये लिनपॅक आला. त्याच्या पुस्तिकेच्या परिशिष्टात एकच गणित २३ संगणकांना किती वेळ घेते याचे कोष्टक होते. जगातील महासंगणकांची क्रमवारी आज ज्या चाचणीवर लागते, तिचा उगम या परिशिष्टात आहे.

या मंडळींनी केलेली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. १९८५ मध्ये जॅक डोंगारा आणि एरिक ग्रोस यांनी नेटलिब ही सोय सुरू केली. हवी ती आज्ञावली एका ओळीच्या ईमेलने मागायची. पलीकडचे यंत्र ती माणसाच्या मदतीवाचून उलट टपाली धाडायचे. पैसे नाहीत, अर्ज नाही, कुणाची शिफारस नाही. ‘ओपन सोर्स’ हा शब्द १९९८ मधला आहे. म्हणजे बारसे व्हायच्या आधी मूल तेरा वर्षांचे झाले होते. १९९२ मध्ये आइसपॅक आणि लिनपॅक यांचे काम लॅपॅक या नव्या संचाने उचलले.

मधल्या काळात दुसरा एक प्रवाह निघाला. क्लीव्ह मोलर हे न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवत. विद्यार्थ्यांना फोर्ट्रान न शिकता हे संच वापरता यावेत म्हणून त्यांनी मॅटलॅब लिहिले. १९८४ पासून ते विकले जाऊ लागले. अवजार उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण विकत घेतलेल्या अवजाराला कुलूप असते. शिकागोत जॉन हंटर हे अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्‌संदेशांवर काम करत. त्यांच्या प्रयोगशाळेत विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरचा एकच परवाना होता. संगणकाला जोडायची त्याची किल्ली विद्यार्थी, डॉक्टर आणि संशोधक यांच्यात हातोहात फिरायची. ज्याच्या हाती किल्ली, त्याचेच काम चालू. हंटर यांनी शेवटी स्वतःच आलेख काढणारे साधन लिहिले आणि २००३ मध्ये ते सर्वांना खुले केले. त्याचे नाव मॅटप्लॉटलिब.

ते पायथन या भाषेत होते. ही भाषा गिडो व्हॅन रोसम यांनी ॲमस्टरडॅममध्ये तयार केली आणि १९९१ मध्ये जाहीर केली. १९९५ मध्ये जिम ह्युगुनिन यांनी तिला अंकांचे तक्ते झपाट्याने हाताळायला शिकवले, २००१ मध्ये फर्नांडो पेरेझ या संशोधक विद्यार्थ्याने आयपायथन लिहिले, आणि २००६ मध्ये ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी विस्कळीत धागे एकत्र आणून नमपाय १.० काढले. समीकरणे सोडवताना नमपाय आतून लॅपॅकचीच रीत वापरते. माझा दिवस यांच्याच संगतीत जातो. केलेला प्रत्येक बदल गिट नोंदवून ठेवते, घाईचा आलेख १९८६ पासून चालत आलेले ग्नूप्लॉट काढते, आणि लेख डोनाल्ड नूथ यांच्या टेकमध्ये लिहिला जातो. यातले काहीच मी विकत घेतलेले नाही. दिवसातला मोठा वेळ मात्र शोध लावण्यात जात नाही, आलेले उत्तर खरे आहे का हे तपासण्यात जातो.

हे तपासणे बाहेरच्या माणसालाही करता आले पाहिजे. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील प्रथिनांच्या रचनेवर काम करणाऱ्या एका नामवंत गटाला पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले. त्यांतले तीन ‘सायन्स’ या नियतकालिकात आले होते. प्रयोगशाळेतल्या घरगुती आज्ञावलीने माहितीचे दोन स्तंभ अदलाबदल केले होते, त्यामुळे रेणूची रचना उलट्या हाताची निघत होती. हेतू वाईट नव्हता. दुसऱ्या गटाने काढलेल्या रचनेशी ती जुळेना, तेव्हा चूक उघडी पडली. पण तोवर काही वर्षे गेली होती, आणि त्या निबंधांवर विसंबून इतरांनी कामे आखली होती.

याच्या उलट उदाहरण गुरुत्वीय लहरींचे. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी लायगोने पहिल्या लहरीची घोषणा केली. अशा लहरींचा क्षीण संकेत गोंगाटातून वेचण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या ‘आयुका’तील संजीव धुरंधर आणि सहकाऱ्यांनी कित्येक वर्षे काम केले होते. घोषणेबरोबरच १४ सप्टेंबर २०१५ च्या त्या घटनेची मोजमापे आणि ती कशी वाचायची हे दाखवणारी पायथनमधली वहीही खुली केली गेली. बारावीचा जिज्ञासू विद्यार्थी साध्या संगणकावर ती चालवून तो प्रसिद्ध आलेख स्वतः काढू शकतो.

फुकट मिळणारी वस्तू कुणीतरी घडवलेली असते, हे मात्र विज्ञानाच्या हिशेबात फार उशिरा आले. नमपायवर हजारो शोधनिबंध उभे राहिले, पण त्याला पहिले अनुदान २०१७ मध्ये मिळाले. तोवर मूठभर माणसे ते रात्री आणि सुटीच्या दिवशी सांभाळत होती. शोधनिबंधांची संख्या मोजणाऱ्या निवड समितीपुढे अशा कामाला वजन नसे. जॉन हंटर तर २०१२ मध्ये ४४ व्या वर्षी कर्करोगाच्या उपचारांतील गुंतागुंतीमुळे गेले. त्यांचे साधन पुढच्यांनी चालू ठेवले, कारण ते खुले होते.

आपल्याकडची भर लहान नाही. त्रिमिती चित्रे दाखवणारे मायावी हे साधन प्रभु रामचंद्रन यांनी लिहिले. ते पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. त्याच आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पात विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये लिहून खुली केली. ‘स्पोकन ट्युटोरियल’चे अनेक पाठ मराठीत आहेत.

वर्गात संगणक असेल तर वरच्याच उदाहरणात ०.०००१ च्या जागी १० चा उणे विसावा घात घाला. विद्यार्थ्यांना वहीतल्या रीतीने, क्रम न बदलता, स्वतः आज्ञावली लिहू द्या. सोळा अंकांचा संगणकही क्ष = ० असेच सांगेल. मग तीच समीकरणे नमपायला द्या. क्ष = १ येईल. का आले, हे विचारणाऱ्याला लॅपॅकचा मजकूर उघडून दाखवता येतो. सर्वांत मोठा सहगुणक शोधून ओळींची अदलाबदल करणारी जागा त्यात डोळ्यांनी दिसते.